बसलेला ठ

जुळारीकाका पाटी खालून वाचत. आपली नजर डावीकडून उजवीकडे जाते. काकांची आधी अक्षरांच्या तळाशी जायची, तिथे घुटमळायची आणि मग सवडीने वर चढायची. कल्याण स्टेशनबाहेर चहाला थांबलो की समोरच्या पाट्यांची अशी खालून झडती सुरू. “ह्याचे पाय बघ, बाय. एका अंगाला झिजलेत. पेंटर घाईत होता.” दुकान कसलं, मालक कोण, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. ज्या हॉटेलात आम्ही रोज चहा प्यायचो त्याचं नाव एकदा मी त्यांना विचारलं, तर ते आठवेना. त्या नावातल्या ‘प’चा पाय आखूड आहे, एवढं मात्र त्यांनी ताबडतोब सांगितलं.

ज्यांनी जुने छापखाने पाहिलेत त्यांना जुळारी म्हणजे कोण हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते. एकेका अक्षराचा एकेक शिशाचा खिळा असे. ते खिळे खणांतून वेचून, उलटे लावून, ओळ जुळवणारा माणूस म्हणजे जुळारी. काकांनी हे काम कल्याणच्या एका गल्लीतल्या छापखान्यात जन्मभर केलं. राजापूरकडून आले ते थेट खिळ्यांच्या खणासमोर उभे राहिले आणि उभेच राहिले. मालकांनी कॉम्प्युटर आणला तेव्हा तो चालवायला मी आले. म्हणजे उघडच मी त्यांच्या पोटावर पाय द्यायला आले होते. पहिल्याच दिवशी माझ्याकडे (आणि अर्थात माझ्या पायांकडे) बघून ते म्हणाले, “पोटावर पाय देतेस तर दे गो, पण निदान चप्पल काढून दे.” मला हसावं की रडावं कळेना. ते मात्र हसत नव्हते.

त्या छापखान्यात एका कपाटात मोठ्या लाकडी इंग्रजी अक्षरांचा एक संच होता. मालकांच्या वडिलांनी मुंबईतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या छापखान्यातून तो आणलेला. वीतभर उंच, जाडजूड अक्षरं, आणि प्रत्येकाच्या टोकांना आडव्या, चौकोनी, भरभक्कम पट्ट्या. फॉन्टच्या यादीत त्या वळणाला मोठी नावं असतात. काका त्याला ‘बुटातलं अक्षर’ म्हणत. “बाकीची इंग्रजी अक्षरं बघ. कुणी अनवाणी, कुणी टोकदार सपाता घातलेली. हे एकटं बूट घालून उभं. हवालदार आहे हा. ह्याला ढकललंस तरी हलायचा नाही.” हे म्हणताना ते ‘H’ हातात घेऊन त्याच्या पट्टीवरून अंगठा फिरवत. कपाट उघडलं की शाईचा आणि रॉकेलचा वास यायचा. अजूनही कुठे रॉकेल सांडलं की मला आधी ते कपाट आठवतं.

हे अक्षर कुठे चालेल आणि कुठे नाही, याचे काकांचे कायदे कडक होते. कुस्त्यांच्या हँडबिलाला चालेल, सर्कशीला चालेल, लाकडाच्या वखारीला, हार्डवेअरला, चहाच्या पेटीला, ‘आत येण्यास मनाई’ला तर हवंच. लग्नपत्रिकेला नाही. “मांडवात कोण बूट घालून फिरतं? त्या बुटांवर मेहुण्यांचा डोळा असतो.” दवाखान्याला नाही, पेशंट बिचकतो. कवितेच्या पुस्तकाच्या वेष्टनाला तर मुळीच नाही. एका कवीने हट्टच धरला, तेव्हा काकांनी त्याला नमुना छापून दाखवला आणि विचारलं, “साहेब, आत कविता आहेत की नोटिसा?” कवी उठून गेला तो परत आला नाही. मालकांनी काकांना फैलावर घेतलं. काका म्हणाले, गिऱ्हाईक गेलं पण पुस्तक वाचलं.

माझ्याकडून हा कायदा एकदाच मोडला. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या निधनाचं कार्ड होतं आणि घरच्यांना त्यांचं नाव इंग्रजीतही हवं होतं. ठसठशीत दिसावं म्हणून मी कॉम्प्युटरमधलं तसलंच बुटातलं वळण निवडलं. प्रूफ बघताच काका उठले, कार्ड घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “बाय, गेलेल्या माणसाला आपण असं पाठवतो का? पाय मोकळे कर त्याचे.” मी वळण बदललं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

पण काकांचा खरा ध्यास वेगळाच होता. हे बुटातलं अक्षर त्यांना मराठीत हवं होतं. पोस्टरवर इंग्रजी नाव असं छाती काढून उभं राहायचं आणि खाली मराठी नाव कसल्यातरी किरट्या खिळ्यांत, ओशाळल्यासारखं. हे त्यांना डाचायचं. मालक म्हणत, “अहो, इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतं, आपलं वरच्या रेघेला लोंबतं. लोंबणाऱ्याला बूट कशाला?” काकांचं उत्तर ठरलेलं होतं: “बसमधला माणूसपण वरची कडी धरून लोंबतो. म्हणून काय तो अनवाणी असतो?” आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर पट्टी-पेन्सिल घेऊन ते अक्षरं काढत बसत. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत डबा अर्ध्या मिनिटात संपवून उरलेला वेळ हेच.

उभ्या दांड्याची अक्षरं सरळ होती. प, म, न, ग, दांड्याच्या टोकाला बूट चढवला की झालं. ‘क’ तर त्यांचा लाडका, कमरेवर हात ठेवून उभा. ‘र’ चालता आहे म्हणून त्याला त्यांनी हलकी चप्पल दिली होती. घोडं अडलं ते बिनदांड्याच्या अक्षरांपाशी. ट, ठ, ड, ढ, द, ह. ही अक्षरं उभी नाहीतच, असं काकांचं म्हणणं. “ही बैठी आहेत. आणि बसलेला माणूस बूट काढून ठेवतो. ह्यांना तसेच चढवले तर ते सोंग दिसेल.” मग आमच्याकडच्या गावांची नावं घेऊन ते सुस्कारा टाकत. “ठाणं बैठं, डोंबिवली बैठी, दिवा बैठा. एक कल्याण तेवढं उभं. आपला जिल्हाच बसलेला, बाय. करायचं काय?” बूट न घालता, पण बुटातल्यांच्या रांगेत शोभेल अशा तोलाने त्या अक्षरांना बसवायचं होतं. एकेक करत त्यांनी ट जमवला, ड जमवला, द जमवला. ठ काही केल्या बसेना. कधी तो फुगा दिसे, कधी अंडं. सर्वांत सोपं अक्षर, एक मान आणि एक वाटोळं पोट, आणि तेच त्यांना वर्षानुवर्षं झुलवत राहिलं.

पुढे सगळं भराभर विस्कटलं. छपाईचं पायाने चालवायचं ट्रेडल मशीन भंगारात गेलं, खिळे वितळवायला गेले, लाकडी संच कुणी नेला ते आम्हाला कळलंही नाही. मालक वारले, इमारत पाडायला काढली. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एक गाळा भाड्याने घेऊन पाट्या बनवायला लागले. काका दिव्याला मुलाकडे राहायला गेले. तिथल्या दोन खोल्यांत खिडकीसमोर चार हातांवर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, आणि नळाला पाणी आलं की घरात प्रत्येकाने बादली घेऊन धावायचं. त्यातच काचबिंदूने त्यांची दृष्टी कडेकडेने खात आणली. मी भेटायला जायची तेव्हा ते म्हणत, “मधलं दिसतं अजून. अक्षर मधेच असतं, त्यामुळे चाललंय.” वर्षभरात मधलंही जाऊ लागलं. कॅलेंडरची पानं मात्र उशाशी होती. त्यांची सून वैशाली एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, ते काय काढतात आम्हाला नाही समजत. पण पेपर हलवला ना, तर दिवसभर जेवत नाहीत.”

अशा वेळी ठाण्यात जुन्या धाटणीची टूम निघाली. चकचकीत इमारतींच्या तळाशी गोदामासारखी दिसणारी हॉटेलं उघडायला लागली. मुद्दाम पोपडे काढलेल्या भिंती, लोंबते दिवे, आणि पाटीवर हमखास ते बुटातलं इंग्रजी अक्षर. त्यात मराठी नावही ठळक हवं असा आग्रह आला आणि सगळ्यांची पंचाईत झाली, कारण त्या अक्षराशेजारी उभं राहील असं मराठी वळण कुणाकडेच नव्हतं. कुणाकडेच म्हणजे, दिव्यातल्या एका उशाखेरीज. एक गिऱ्हाईक ‘ठाणे वखार’ नावाचं हॉटेल काढत होतं. मी काकांना फोन केला.

त्यांचा आवाज बदललेला मी फोनवर ऐकला. “वखार? मग हेच अक्षर पाहिजे. दुसरं शोभायचं नाही.” मी जाऊन पानं आणली, एकेक अक्षर कॉम्प्युटरवर गिरवलं. ण, व, ख, सगळे पहिल्या झटक्यात उभे राहिले. इतकं पक्कं काम होतं. आणि ठसुद्धा होता. डोळे जवळजवळ गेल्यावर, बोटांनी कागद चाचपत त्यांनी तो अखेर काढला होता. मान जाड, आणि पोट तळाशी किंचित चपटं, जमिनीवर ठेवलेला माठ टेकतो तसं. “आता बसला बघ. माठाला कुणी बूट घालतं का? त्याचं वजनच त्याला धरून ठेवतं,” मी पानं परत द्यायला गेले तेव्हा ते म्हणाले. मग पानं पुन्हा उशाशी सारत, “बाय, माझं नाव कुठे नको. पण हा ठ असाच लागू दे. तो एकदा पाटीवर बसला की मी मोकळा.” मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

गिऱ्हाइकाने नमुना बघितला आणि खुर्चीत पुढे सरकला. “मॅडम, काय भारी झालंय! एक नंबर. फक्त हा ठ जरा आजारी वाटतोय. बाकी सगळे सॉलिड उभे आहेत आणि हा खाली बसलाय. त्याला पण ते खाली लावा ना, प्लेटसारखं.”

“ठला दांडी नसते हो. तो बसलेलाच असतो.”

“मग एक छोटी काढा ना. कोण बघतंय? सेट वाटला पाहिजे. आणि गुरुवारचा मुहूर्त आहे, आता परत सगळं नको.”

मी काकांचं म्हणणं त्याला सांगायला हवं होतं. माठ, बैठं अक्षर, सोंग, सगळं. मी म्हणाले, “बघते.” संध्याकाळी ठच्या पोटाखाली एक बुटकी दांडी काढली आणि तिला बूट चढवला. कपाटावरच्या शोभेच्या ताटाला स्टँड लावतात तसा तो दिसू लागला. गिऱ्हाईक खूश झालं. खरं सांगायचं तर पाच मिनिटं मलाही तो वाईट वाटला नाही. त्या पाच मिनिटांचा मला आजही राग येतो.

बुधवारी काका स्वतः येतो म्हणाले. पाटी वर चढायच्या आत हात लावून बघायची होती. पाटी सकाळीच टेम्पोत घालून पाठवली आहे, एवढं सांगून मी त्यांना थांबवू शकले असते. त्याऐवजी मी राउटर मशीनवर ॲक्रिलिकचा एकच ठ कापून घेतला, त्यांच्या कागदाबरहुकूम, माठासारखा. दुपारी मुलगा त्यांना गाळ्यात सोडून कामाला गेला. इस्त्रीचा सदरा, पायात नवे सँडल. मशीनच्या आवाजात ते स्टुलावर बसले आणि पाटी सकाळीच गेली, हा जास्तीचा, असं सांगून मी ठ त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो मांडीवर ठेवला. आधी तळ. अंगठा तळावरून दोनदा गेला, जिथे चपटेपणा सुरू होतो तिथे थांबला, मग पोटाच्या वळणाने वर मानेपर्यंत आला. त्यांच्या तोंडावर जे उमटलं त्याला समाधान म्हणणं कमीच आहे. गावाकडे पोचल्यावर माणूस दारात टेकतो ना, तसा तो चेहरा होता.

“पाटीवर हाच?” त्यांनी विचारलं.

“हाच,” मी म्हणाले.

जाताना त्यांनी तो ठ मागून घेतला. “एक जास्तीचा कापलास ना? मग हा मला दे.” मी दिला. दुसरं काय करणार होते?

पाटी लागली आणि तिचं कौतुक झालं. मग ‘आम्हाला पण तसंच अक्षर’ म्हणत आणखी गिऱ्हाइकं आली. एक सलून, एक चहावाला, एक जिम. सगळ्यांना ठाणे हा शब्द हवा आणि सगळ्यांना ठ उभा हवा. मी फाइल पुढे पुढे देत गेले. आता रिक्षातून जाताना दर दोन चौकांनी तो मला दिसतो, पोटाखाली दांडी, दांडीखाली बूट. माझ्या धंद्यातली नवी मुलं त्यालाच बरोबर समजतात. एकाने तर मला शिकवलं, “मॅडम, ठला खाली बेस पाहिजे, नाहीतर ही स्टाइलच राहत नाही.” मी ऐकून घेतलं. ज्या माणसाने ही सगळी अक्षरं आयुष्यभर कॅलेंडरमागे काढली, त्याचं एकच मागणं होतं आणि त्याच अक्षराची मी ही गत केली, हे त्या मुलाला कुठल्या तोंडाने सांगू?

त्यानंतर काकांशी चार-पाच वेळा फोनवर बोलणं झालं. तब्येत, पाणी, नातवाची शाळा. ठचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. त्यांच्या मनातलं पूर्ण झालं, आता बोलायचं काय राहिलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. दिवाळीनंतर एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते गेले.

मी दिव्याला गेले ती तेराव्याच्या दिवशी. पानं व्हरांड्यातल्या खोक्यात भरून ठेवली होती. वैशालीने मला चहा दिला आणि समोर बसली. सासऱ्याबद्दल तिला बोलायचं होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं.

“तुमच्या त्या हॉटेलच्या बोर्डाचा फोटो आलेला मोबाइलवर, माझी मैत्रीण तिकडे जेवायला गेलेली,” ती म्हणाली. “लागल्यावर आठवड्याभरातच. बाबा म्हणाले, वाच मला. म्हटलं, बाबा, एक नंबर दिसतोय, सगळी अक्षरं तुमची ती बूटवाली. ते म्हणाले, सगळी? म्हटलं, सगळी. मग म्हणाले, ठ पण? मी झूम करून बघितलं. म्हटलं, हो, ठ पण, एकदम ऐटीत उभा आहे.”

माझ्या हातातला चहा निवत होता. “मग?”

“मग काय नाही. पाणी आलेलं, मी भरायला गेले.”

ती उठली आणि कपाटातून काहीतरी घेऊन आली. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. उलगडायची गरज नव्हती, आकार हाताला कळला.

“हे तुम्हाला द्यायला सांगितलेलं त्यांनी, त्याच दिवशी. म्हणाले, तिच्या पाटीतलं एक अक्षर चुकून माझ्याबरोबर आलंय, आठवणीने परत दे. मीच विसरले बघा कामाच्या नादात.” वैशाली खरोखर ओशाळली होती. “एवढे महिने तुमचं काम अडून नाही ना राहिलं, ताई?”

मी म्हटलं, नाही.